कुंकवाखालची फळी

खारवंड्याच्या बंदरावर तुळाजीमहाराज बारा वर्षं राहिले. कोणी म्हणे ते घाटावरून आले, कोणी म्हणे समुद्रातून. महाराजांनी कधी खुलासा केला नाही, आपणही करत बसू नये. खाडीच्या तोंडाशी त्यांची माडाच्या झापांची झोपडी होती आणि तिला, कोण जाणे कुठून आलेलं, जाड सागवानी दार होतं.

बंदरावरच्या कोळीवाड्यात चांगुणा नावाची विधवा राहायची. रोज सकाळी महाराजांपुढे मूठभर तांदूळ ठेवायची आणि काही न मागता बाजारात जायची. तिनं पाटल्या मोडून परगावची एक जुनी होडी घेतली. तिचे दोघे भाऊ त्या होडीवर जाणार होते.

खारवंड्याचा रिवाज असा, की जुनी होडी आली की गावचा मुख्य तांडेल हरबाजी तिला मुठीनं ठोकून बघे आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कुंकू लावी. एकदा कुंकू लागलं की हंगाम संपेपर्यंत तिला हत्यार लावायचं नाही, लावलं तर दर्या कोपतो. हरबाजीनं चांगुणेची होडी ठोकली, नवं डांबर बघून मान डोलावली आणि कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी होडी धुताना चांगुणेला दिसलं, की नाळेजवळच्या फटीतून मुंगळ्यांची रांग बाहेर येते आहे. कोरड्या, धडधाकट लाकडात मुंगळे घर करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. ती हरबाजीकडे गेली. तो चारचौघांत हसला. मासे विकणारी बाई आता तांडेलाला होडी शिकवणार का, असं त्यानं विचारलं आणि सगळे हसले. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. भाऊही म्हणाले, ताई, गावाशी वैर नको.

ती महाराजांकडे आली. म्हणाली, "म्हाराज, फोडू तर देवाचा कोप, नाय फोडू तर माजे भाव बुडतील. मना सांगा, काय करू?"

महाराज म्हणाले, "कुंकवाखाली लाकूड किडलेलं असेल, तर ते कुंकू नव्हे, झाकण आहे. देव झाकणाच्या बाजूनं उभा राहत नाही. पण पटाशी तुझी तू मार. तुझ्या हातची भीती मी माझ्या हातात घेणार नाही."

बातमी फुटायला कितीसा वेळ! चांगुणा पटाशी घेऊन किनाऱ्यावर पोचली तेव्हा अर्धा कोळीवाडा जमला होता आणि हरबाजी होडीला आडवा उभा होता. महाराज आले, होडीच्या काठावर निवांत बसले आणि म्हणाले, "तांडेल, दर्या कोपला तर जाब मी देईन. बाजूला हो."

चांगुणेनं बरोबर कुंकवाच्या खाली घाव घातला. पटाशी मुठीपर्यंत आत गेली! तिनं हात घातला आणि ओल्या पोह्यांसारखा लाकडाचा लगदा मूठभर काढून हरबाजीसमोर धरला.

पण गर्व असा लवकर मरत नाही. हरबाजी म्हणाला, "बरं, किडलाय. आता हिला फली कोन देल? सुतार माजे शब्दाबाहेर नाय."

महाराज उठले, झोपडीकडे गेले आणि दाराची एक फळी उचकटून घेऊन आले. हरबाजीनं स्वतःच्या सुतळीनं ती मापली, मग किडकं लाकूड काढून पडलेलं भोक मापलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, की फळी चार बोटं कमी पडते.

"बसव," महाराज चांगुणेला म्हणाले. त्यांनी फळीवरून एकदा हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. चांगुणेनं फळी टेकवली आणि ती अशी बसली की मध्ये नख शिरेना.

हरबाजीनं सुतळी पुन्हा लावली. एकदा, दोनदा, तीनदा लावली. मग सुतळी टाकून तो महाराजांच्या पायांवर कोसळला.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडून काय होणार? फळी लांबवणं सोपं होतं. पहिला घाव घालणं अवघड होतं, आणि तो हिनं घातला."

हरबाजी तसाच गुडघ्यांवर वळला आणि ज्या बाईला चारचौघांत हसला होता तिच्यापुढे, त्याच चारचौघांच्या देखत, त्यानं डोकं टेकवलं. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"बाय," तो म्हणाला, "माजे होडीला बी मीच कुंकू लावलाय. माजे तीन पोर तिच्यावर जातान. तुजी पटाशी घेऊन चल."

चांगुणा गेली. हरबाजीच्या होडीत दोन फळ्या किडलेल्या निघाल्या. मग शेजाऱ्यानं बोलावलं, मग त्याच्या शेजाऱ्यानं. त्या नारळी पौर्णिमेला खारवंड्याच्या लोकांनी दर्याला नारळ वाहिला, पण एकही होडी पाण्यात घातली नाही. आठ दिवसांनी सगळ्या गेल्या आणि सगळ्या परत आल्या.