सात पावलं मागे

एका राज्यात त्या सकाळी इतकं धुकं पडलं होतं, की पाणवठ्यावर आलेल्या बैलांची नुसती शिंगं दिसत, बैल दिसत नसत. त्या धुक्यातून दवंडी आली, "ऐका हो ऐका! संक्रांतीच्या दरबारात महाराज उघड्या चेहऱ्यानं सिंहासनावर बसले नाहीत, तर राज्य मांत्रिक विकटनाथाचं होईल हो!"

कोंडाजी शेजारच्या येसूबाईनं दिलेली पेज पीत होता. त्यानं वाडगं खाली ठेवलं. संक्रांत तीन दिवसांवर होती.

हा कोंडाजी राजाचं पागोटं बांधणारा. फार जुना रिवाज तो, बाबांनो, आता कुठं राहिलाय! त्या राज्यात मुलगा पाच वर्षांचा झाला, की आई त्याच्या गालावरची तीट पुसायची. त्यानंतर जन्मभर त्याच्या रूपाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. शेताला चांगलं म्हणत, बैलाला म्हणत, तलवारीला म्हणत. पुरुषाला नाही. एकट्या राजाला तेवढी सूट. पागोटं बांधून झालं, की कोंडाजीनं सात पावलं मागे जायचं, डोळे भरून बघायचं आणि म्हणायचं, "शोभता, महाराज." तेवढ्यावर राजा अमरसेन दिवसभर ताठ बसायचा आणि नीट न्याय करायचा.

पण कोंडाजीचे गुडघे धरले. सातची तीन पावलं झाली, मग एक. मग तो उरलेलं कापड आवरता आवरताच म्हणू लागला, "शोभता, महाराज." राजाला ते कळायचं.

अशात विकटनाथानं नागांच्या गुहेतला रत्नजडित आरसा राजाला नजर केला. आरसा दिवसातून शंभर वेळा म्हणे, "तुझ्यासारखा देखणा तूच." राजाला गोड लागलं. कोंडाजी घरी बसला. वर्ष सरलं आणि आरसा मुका झाला. राजानं त्यात पाहिलं, तर चेहराच नाही. पाण्यात पाहिलं, तिथंही नाही. तेव्हापासून राजा तोंडावर शेला ओढून खोलीत बसला होता. हाच डाव साधून विकटनाथानं दवंडी पिटवली होती.

पेज निवली. कुडावर एक साळुंकी येऊन बसली.

"कोंडाजी, चेहरा आरशानं गिळलाय. तो ज्यांना आवडत होता आणि जे कधी बोलले नाहीत, अशा तिघांचे शब्द आण. पागोट्यात गाठी मारून आण."

"शब्दाला गाठ बसते?"

"पागोटं बांधणाऱ्यानं हे मला विचारावं?" म्हणाली आणि उडाली.

पहिल्या दिवशी तो दोन डोंगर ओलांडून राजाच्या म्हाताऱ्या दाईकडे गेला. ती म्हणाली, "हसला की कान हलायचे लेकराचे. असे गोड कान मी दुसरे नाही पाहिले." कोंडाजीनं गाठ मारली. गाठ ऊन लागली, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी.

दुसऱ्या दिवशी नदीवर नावाडी भेटला. "पुरात माझं वासरू काढताना राजाच्या हनुवटीला खोक पडली. तो वण काय खुलतो त्याला!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी? बाप्याला बाप्यानं सांगायचं? मला नावेतून ढकलला असता!"

कोंडाजीनं दुसरी गाठ मारली.

तिसरा दिवस संक्रांतीचा. राणी सुलक्षणा तिळाचे लाडू वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "कानांजवळचे केस पिकलेत त्यांचे. मला चार वर्षं आवडतात."

"कधी बोलला नाहीत, राणीसाहेब?"

"पुरुषमाणसाला काय सांगायचं? वाटलं, तुम्ही रोज सांगताच."

कोंडाजीनं मान खाली घातली. तिसरी गाठ मारून तो राजाच्या खोलीत शिरला.

"परत जा," शेल्याआडून राजा म्हणाला. "बांधायला डोकं आहे, चेहरा नाही."

"डोकं पुरे आहे, महाराज."

त्यानं शेला बाजूला सारला आणि पागोटं बांधायला घेतलं. पहिल्या पेचाची गाठ सुटली, दाईचा शब्द बोलला आणि राजाचे कान हलले. दुसऱ्या पेचाला हनुवटीवर वण उमटला. तिसऱ्याला कानांजवळ चांदी चमकली. पण डोळे काही येईनात. दरबारात शिंग वाजलं. विकटनाथ सिंहासनाच्या पायरीवर चढला होता.

कोंडाजी भिंतीला न धरता मागे सरला. एक पाऊल, दोन पावलं. गुडघे कडकड वाजत होते. सातव्या पावलावर थांबून त्यानं राजाकडे पाहिलं. राजा थकला होता, म्हातारा होऊ लागला होता.

"वर्षभर नाही, त्याच्याही आधीपासून मी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "शोभता, महाराज."

राजाचे डोळे परत आले, ते ओलेच. आरसा तडकला. राजा दरबारात जाऊन बसला, तसा विकटनाथ आकसत आकसत तिळाएवढा झाला आणि साळुंकीनं त्याला टिपला. राजानं पहिला हुकूम काढला, की तीट पुसली तरी शब्द पुसू नये.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. कोंडाजी काठी टेकत घरी आला. येसूबाई कुडापलीकडे मिरच्या वाळत घालत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मिरच्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"पेज ऊन करून ठेवलीय, भावजी," ती म्हणाली. "आणि त्या मिशा पांढऱ्या झाल्यापासून फार देखणे दिसता हो तुम्ही. दहा वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते."