सीमाकाठीचे दोन धनी

एका राज्यात राजसभेचे सभासद प्रजा निवडीत असे, आणि कोणत्या गावाने कोणत्या गावासोबत निवडायचे ते सीमाकाठी ठरवी. काठी जमिनीवर ओढली की चांदीची रेघ उमटे. सात पिढ्या ती डोंगरपक्षाच्या एकाच घराण्यात होती. आता सीमाधर चित्रभानूच्या हाती होती. त्याने रेघा अशा वाकड्या ओढल्या, की नदीपक्षाची माणसे दुप्पट असूनही सभेत त्यांचा एकच सभासद बसे. अखेर एका जोगिणीने शाप दिला, की रेघेपलीकडची हाक अलीकडे ऐकू येणार नाही. चित्रभानूची सख्खी बहीण रेवती रेघेपलीकडे, समोरच्याच घरात राही. तिचे ओठ हलताना त्याला दिसत, शब्द मात्र ऐकू येत नसे.

त्या राज्याच्या राणीची बोलकी साळुंकी म्हणाली, "दोन वैऱ्यांनी एकच काठी धरून तीन रेघा ओढाव्यात. शाप फिटेल."

राणीने नदीपक्षाच्या वैनतेयीला बोलावून चित्रभानूच्या बरोबरीचे आसन दिले. झाले, चित्रभानूच्या पोटात दुखू लागले. सात पिढ्यांची काठी, आणि ही कालची नावाडीण तिला हात लावणार! त्याला अन्न गोड लागेना.

पहिल्या रेघेला तो डोंगराकडे ओढी, ती नदीकडे. काठी रुतून बसली.

"मी हात सैल सोडते, सीमाधर. तुम्हीही सोडा."

"आधी तुम्ही."

तिने सोडला, तेव्हा लाजेकाजेने त्यानेही सोडला. रेघ सरळ गेली. गावकरी म्हणाले, "वैनतेयीबाईंची रेघ पाहा कशी सुरेख!" चित्रभानूच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली असता त्याने एकट्यानेच काठी उचलली आणि तिचे गाव तिच्या पक्षापासून तोडणारी रेघ ओढली. रेघ थांबेना. ती वळली, त्याच्याभोवती फिरली आणि आपल्याच टोकाला मिळाली. पाखरांचा आवाज बंद झाला. तो ओरडला, कोणी मान वळवली नाही.

वैनतेयी आली. रेघ कुठून कुठे गेली हे तिने पाहिले, आणि तिला सारे कळले. 'ही मला इथेच ठेवील,' तो मनाशी म्हणाला. 'मी तिला ठेवले असते.' पण तिने रेघेवरून हात घालून काठीचे दुसरे टोक धरले आणि मागे फिरण्याची खूण केली. दोघांनी काठी उलटी ओढीत नेली, तशी चांदी मातीत जिरली.

"असे का केलेत?" तिने विचारले.

"मत्सर."

"तो मलाही आहे. तुमच्या सात पिढ्या, माझी पहिलीच."

मग दोघांनी दुसरी रेघ नीट ओढली.

तिसरी रेघ सरळ ओढली तर रेवतीचे घर नदीकडे जात होते, आणि डोंगरपक्षाचे सभेतले बहुमतही. तरी त्याने वैनतेयीबरोबर रेघ सरळच ओढली.

"अरे चित्रभानू," पलीकडून हाक आली, "दूध निवले. कधीची ओरडते आहे मी!"

तेव्हापासून त्या राज्यात सीमाकाठी दोन्ही पक्षांच्या हाती असते. सीमेच्या दगडावर राणीने दोघांची नावे कोरविली, वैनतेयीचे आधी. चित्रभानूने ते कधी मनावर घेतले नाही, असे लोक सांगतात. रेवती मात्र सांगे, तो येता-जाता रोज ती नावे वाचतो.