पूल होईस्तवर येसाक्का

फार वर्षांमागची गोष्ट. प्लेगानं आडवंडी गाव मोकळं केलं, माणसं शिवारात झोपड्या घालून राहिली, त्या साली येसाक्का जन्मली. जन्मताच अशी ओरडली की नदीपल्याडच्या बैलांनी दावी तोडली, असं म्हणतात.

त्याच गावात गुळव्याच्या घरी तिचं लगीन झालं. ती विशीला आली आणि मानमोडीची साथ आली. घराघरातनं माणसं गेली. नावाडी गेला, त्याची नाव दोर तुटून वाहून गेली. आणि नेमकी तेव्हाच येसाक्काची जाऊ शेवंता अडली. दवाखाना पल्याड. शेवंतानं काठावरच जीव सोडला, पोटातल्या लेकरासकट.

येसाक्का रडली नाही. नवऱ्याची गूळ आटवायची काहील, चार माणसं मावतील एवढी, तिनं फरफटत नेऊन पाण्यात घातली.

नवरा म्हणाला, "अगं, मी गूळ कशात आटवू?"

"माझ्या डोक्यावर! आजपासनं एकबी बाळंतीण या काठाला मरायची न्हाई. आन् हितं पूल होईस्तवर मीबी मरायची न्हाई!"

अडलेली बाई काहिलीत, येसाक्का एका हातानं कड धरून पोहत. महापुरातही नदी तिच्यापुरती कमरेएवढी व्हायची, असं म्हणतात.

पुलासाठी गोरा साहेब आला, खुंट्या मारून गेला. तेवढ्यात दुसरी मोठी लढाई पेटली, लोखंड लढाईला गेलं. मग साहेबच गेला! स्वराज्याचे पेढे वाटले, तर येसाक्का म्हणाली, "पेढा झाला, पूल कुठाय?" पुढं खांब उभे राहिले, तर कोयनेचा भूकंप झाला, खांब कलले. बहात्तरचा दुष्काळ पडला, तर इंजिनियर म्हणाला, "आजी, नदीत पाणीच नाही, पूल कशाला?"

"आरं लेका, नदी म्हायेराला गेलीया. परत यायची न्हाई व्हय?"

यम तर तीनदा येऊन गेला. दर वेळी ती खाटेवरनं विचारायची, "पूल झाला का रं?" यम नदीकडं बघायचा, ओशाळायचा आणि रेडा वळवायचा, असं म्हणतात.

शतक सरता सरता पूल झाला एकदाचा! उद्या मंत्री फीत कापणार, आणि आज भरदुपारी सुताराची सून अडली. जीप पुलापाशी आली, तर पहारेकरी आडवा. "मंत्र्यांच्या आधी कुणी जायचं नाही."

शंभरी ओलांडलेली येसाक्का जीपमधनं उतरली. "मंत्री कितव्या महिन्याचा हाय रं? हिचे नऊ भरल्यात!" आणि विळ्यानं सपकन फीत कापली.

जीप सुसाट सुटली. येसाक्का पुलाच्या मधोमध उभी राहिली, हलेना. घटकाभरानं पल्याडनं जीपवाला ओरडत आला, "पोरगी झाली! दोघी सुखरूप!" तशी ती कठड्याला टेकून हसली आणि म्हणाली, "ये रं बाबा आता." रेड्याच्या घुंगरांचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला, असं म्हणतात.

आजही अडलेल्या बाईची गाडी निघाली की आडवंडीत आरोळी उठते, "येसाक्का निघाली!" उसाचे ट्रॅक्टर मागं सरतात, लाल दिव्याची गाडी कडेला लागते. आणि परतताना बाळंतीण पुलाच्या तोंडाशी उतरते, लेकरू घेऊन सावकाश चालत येते. मागं गाड्यांची ही रांग लागते, पण हॉर्न कुणी वाजवत नाही.