तीन दालने आणि एकच दिवा

एका राज्यात, सात डोंगरांच्या कुशीत, एक विद्यापीठ होते. त्याच्या ग्रंथालयात तीन दालने. पहिल्यात राजवंशाच्या बखरी, दुसऱ्यात पंडितांची शास्त्रे. आणि पार मागे, तिसऱ्यात, रोगराईच्या, बाळंतपणाच्या, विहिरी-बंधाऱ्यांच्या साध्यासुध्या पोथ्या. या साऱ्यांची ग्रंथपाल होती मृगावती.

एके सकाळी भस्मनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याने मारणमंत्राची पोथी मागितली. मृगावतीने ती दिली नाही. मांत्रिकाने मूठभर राख उधळली, तशी पानापानांवरची अक्षरे मुंग्यांसारखी वळवळू लागली.

"दुपार टळली की ही उडून जातील," तो म्हणाला. "हा दिवा घे. एकदाच पेटेल. जिथे लावशील तिथली अक्षरे सूर्यास्तापर्यंत टिकतील. तेवढ्यात तिथल्या पोथीने एखादा जीव वाचवलास, तर सारी परततील. नाहीतर तीही गेली म्हणून समज."

राजा धावत आला. "दिवा माझ्या पूर्वजांपाशी लाव. वंशावळ गेली तर सिंहासन कोणाचे?"

कुलगुरू आले. "शास्त्रे गेली तर विद्यापीठ कशाचे?"

दुसऱ्या दालनात मृगावतीच्या वडिलांचा ग्रंथ होता. तो लिहिता लिहिता त्यांचे डोळे गेले होते. तिचे पाऊल तिकडेच ओढ घेत होते. तिने दारावरच्या साळुंकीला विचारले, "लोक काय मागत येतात?"

साळुंकी म्हणाली, "बखर मागायला वर्षाकाठी एक भाट. शास्त्रे मागायला पंडित. तिसऱ्या दालनाच्या पायऱ्या मात्र झिजून गेल्यात."

मृगावतीने तिसऱ्या दालनात दिवा लावला.

राजाने तलवार उपसली. "सूर्य मावळेपर्यंतच तुझे डोके धडावर आहे."

दुपार टळली. अक्षरांचे काळे थवेच्या थवे खिडक्यांतून बाहेर पडले. वडिलांच्या ग्रंथाची पाने फडफडलेली तिला ऐकू आली. तिने मागे वळून पाहिले नाही. दाराशी कोणीच येईना. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेले.

इतक्यात एक बैलगाडी करकरत थांबली. एक सुईण उतरली; गाडीत एक पोरगी कळांनी विव्हळत होती. "माय, पोरीचं बाळ आडवं आलंय. मी हात टेकले. पोथीत काही असेल तर सांग!"

दोघींनी पोरीला तिसऱ्या दालनात दिव्यापाशी आणले. मृगावतीने पोथी काढली. ती एकेक ओळ वाची, सुईण तसतसा हात फिरवी. पोरगी किंचाळली आणि निपचित झाली. दिव्याची वात काजळली. सूर्याची कोर तेवढी उरली होती.

आणि बाळ रडले. पोरीने डोळे उघडले.

त्यासरशी आभाळ काळे झाले. सारी अक्षरे परतली, आपापल्या ओळीत, आपापल्या जागी बसली. मंत्र उलटला, तशी भस्मनाथाची मंत्रविद्या मात्र गेली. तो डोंगरापलीकडे निघून गेला, तो कायमचाच.

राजाने तलवार म्यान केली. तो त्या तान्ह्याकडे वाकला. मग म्हणाला, "ग्रंथपाल, उद्यापासून दाराशी काय ठेवायचे?"

"बाळंतपणाच्या पोथ्या, महाराज. मग विहिरींच्या."

"आणि आमच्या बखरी?"

"माडीवर."

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः आला, आणि बखरींचा पहिला गठ्ठा त्याने आपल्या खांद्यावरून माडीवर नेला.