राहीआईचा उंबरा

फार वर्षांपूर्वी, आपल्या निंबळकला वेस होती आणि वेशीच्या आत दगडमातीची भक्कम गढी होती, तेव्हाची ही गोष्ट. मी ती माझ्या चुलत आजोबांकडून ऐकली. त्यांनी कुणाकडून ऐकली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. इतक्यांदा सांगून झाली, तरी सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तेव्हा या मुलखाचे जहागीरदार वारले आणि गादीवरून त्यांच्या दोन मुलांत जुंपली. थोरले राव एकीकडे, धाकटे राव दुसरीकडे. गावं फुटली, भावकी फुटली, एका ताटात जेवणारे एकमेकांवर तलवारी घेऊन धावले. त्या धामधुमीत थोरल्या रावांच्या पागेत घोड्यांना दाणा घालणारा एक गडी वर चढला. ऐतोजी त्याचं नाव. तो आपल्याच गावचा होता, हे सांगायला लाज वाटते, पण होता.

त्याची चढती कशी झाली ते ऐका. त्याचा सरदार लढाईत जखमी होऊन पडला आणि पाणी मागू लागला. ऐतोजीनं पाणी दिलं नाही. त्याच्या डोक्यावरचं पागोटं काढून स्वतःच्या डोक्याला बांधलं, त्याच्याच घोड्यावर बसला आणि त्याच्याच पन्नास स्वारांना हुकूम सोडला. स्वारांनी तो मानला, असं म्हणतात. माणूस इतक्या सहज दुसऱ्याचा होतो, याचंच मला नवल वाटतं.

पुढं त्यानं साळगडाला वेढा घातला. गड हाती येईना. तेव्हा त्यानं बेलभंडार उचलला. हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन त्यानं शपथ वाहिली, की दार उघडा, केसालाही धक्का लागणार नाही. देवाची शपथ कोण मोडेल? किल्लेदारानं दार उघडलं. दुपारपर्यंत ऐंशी माणसं कड्यावरून खाली लोटली गेली. दुसऱ्या गडावरही त्यानं तेच केलं. थोरल्या रावांनी त्याला हत्ती दिला, पालखी दिली, पाच हजार माणूस हाताखाली दिलं. मग तो निंबळकवर आला.

निंबळक धाकट्या रावांच्या बाजूचं. गंगोजी पाटलांनी सगळं गाव गढीत घेतलं होतं. तीनशे माणसं, त्यात लेकुरवाळ्या, म्हातारी, आजारी. बाहेर राहिली एकटी राहीआई. ती गावची सुईण. गढीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. आणि ती ऐतोजीची आई. पाटलांनी माणूस पाठवला तर म्हणाली, स्वतःच्या पोराला भिऊन मी कुठं पळू? आणि घराच्या ओट्यावर बसून राहिली.

ऐतोजीनं पुन्हा बेलभंडार मागवला. गढीवरून पाटलांनी सांगितलं की तुझ्या बेलाची किंमत आम्हाला कळली आहे. आईला गढीच्या दारात आण, तिच्या डोक्यावर हात ठेव, मग दार उघडू. त्यांना वाटलं, देवाला फसवणारा असेल, पण जन्मदात्रीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारा आईच्या पोटी येतच नाही. चुकले बिचारे. त्यांच्या जागी आपणही चुकलो असतो.

ऐतोजी आईला न्यायला घरी गेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं.

“पाळनार हायेस का रं?”

“तू नुसती हुबी ऱ्हा, आये.”

ती समजली. पदर खोचला आणि त्याच्या मागून चालू लागली.

गढीचा दरवाजा अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. दगडी उंबरा गुडघ्याएवढा. तिथं उभं राहून, पाच हजारांच्या देखत ऐतोजीनं आईच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. म्हणाला, “आत एकालाही हात लावला, तर माझी ही आई याच उंबऱ्यावर मरंल.”

दार उघडलं. आणि दार उघडताच ऐतोजीनं भाल्याला बांधलेलं तांबडं फडकं वर केलं. ती कापाकापीची खूण होती.

तेव्हा राहीआई त्या उंबऱ्यावर आडवी झाली. दारभर आडवी. असं म्हणतात, की तिनं श्वास आत घेतला आणि परत सोडलाच नाही. कुणी म्हणतं शपथ लागली. मला विचाराल, तर लेकाची शपथ खरी करायची आणि वाटही अडवायची, हे तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

पहिला स्वार दारापर्यंत आला आणि थांबला. आपल्याकडे निजलेल्या माणसालाही कुणी ओलांडत नाही, मग हे तर आईचं मढं. दुसरा थांबला. तिसऱ्यानं तलवार खाली केली. पाच हजार माणसं एका म्हातारीपुढं उभी राहिली.

आणि ऐतोजीनं आईला ओलांडलं.

होय, ओलांडलं. एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि आत गेला. एकटा. मागं वळून हाका मारल्या, शिव्या दिल्या, पण कुणी येईना. मग म्हणाला, हिला बाजूला करा. दोन गडी वाकले. हाडं राहिलेली म्हातारी, पण जागची हलेना. चार लागले, आठ लागले. शेवटी तो स्वतः खाली बसून तिला ढकलू लागला, असं म्हणतात. तो वाकलेला असताना पाटलांच्या हातात कुऱ्हाड होती. पण तिच्या देखत तिचं लेकरू कसं मारायचं, म्हणून त्यांनी ती खाली ठेवली.

तेवढ्यात गाव मागच्या चोरवाटेनं नदीत उतरलं. काठावर ऐतोजीचेच स्वार होते. दारातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती; त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली. शेवटची ओली बाळंतीण पार झाली, तेव्हा राहीआई हलकी झाली. ऐतोजी तिला अग्नी न देताच छावणी उठवून निघून गेला. तिला खांदा दिला तो त्याच्या चार शिपायांनी, आणि ते चौघे परत फौजेत गेले नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्याचं वाईट झालं असेल. नाही झालं. त्यानं धाकट्या रावांना संपवलं, मग थोरल्यांनाही कैदेत घातलं आणि स्वतः गादीवर बसला. बावीस वर्षं राज्य केलं आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. फक्त त्याच्या महालातल्या एकाही दाराला उंबरा नव्हता, असं म्हणतात. सगळे काढून टाकायला लावले होते. उंबरा दिसला की त्याचा पाय उचलत नसे.

गढी आता पडली. दरवाजा आणि उंबरा तेवढा आहे. राहीआई गेली त्या मार्गशीर्ष अमावस्येला आपल्या बायका सकाळीच त्या उंबऱ्यावर एक लुगडं अंथरतात आणि दिवस मावळेपर्यंत जवळ बसून राहतात. त्या दिवशी आत गढीतल्या देवीला जायचं, तर नदीकडून वळसा घालून जायचं. सरपंच असो, मामलेदार असो, बायका एवढंच सांगतात, आई निजलीय, मागनं जावा.

पोरं दरवर्षी विचारतात, कुणी ओलांडलं तर काय होतं? कुणालाच माहीत नाही. आजवर तिला ओलांडून गेलेला एकच, आणि तो तिच्याच पोटचा होता.