सतापाची फांदी

एकदा डोंगरपायथ्याच्या एका गावात एक वृद्ध वैद्यीणबाई राहत होत्या. त्यांच्या अंगणात विहिरीच्या कडेला सतापाचे एकच झुडूप होते. पाने बारीक, निळसर हिरवी. चव कडू, आणि वास इतका उग्र की नुसता पदर घासला तरी दिवसभर दरवळत राही. आसपासच्या गावांत दुसरीकडे कुठेही ते झुडूप नव्हते.

भामा ही त्यांची शिष्या. तिच्या माहेरी औषध देणारे कोणीच नव्हते, म्हणून तिथे सताप लावायचा, हा तिचा ध्यास. एक बाजारचा दिवस एकटीने सांभाळलास की फांदी तुझी, असा बाईंनी शब्द दिला होता. तो दिवस उजाडला तेव्हा भामाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दिवस वर येण्याआधीच तिने अंगण सारवले, पाने खुडली, काढा उकळत ठेवला. सतापाचे सारे उपयोग तिला तोंडपाठ होते. बाळाच्या सर्दीला पाळण्यावर डहाळी, पिसवांसाठी अंथरुणाखाली पाने, पाळीच्या कळांना काढा.

बाईंची एकच गोष्ट तिला पटत नसे. आलेल्या बाईला त्या आधी पाटावर बसवत, आणि भाजी कोणती केली, माहेरी कधी गेली होतीस, असे काहीबाही विचारत. औषध चिमूटभर आणि गप्पा पायलीभर, असे भामा मनात म्हणे. आज तो वेळ तिने वाचवायचे ठरवले.

दुपारपर्यंत अकरा जणी औषध घेऊन गेल्यासुद्धा. बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारावी आली सगुणा, शेजारच्या वाडीतली नवी सून. ओटीपोटात कळा येतात एवढेच म्हणाली आणि तिने मान खाली घातली. भामाने झटकन काढा वाटीत ओतून तिच्या हाती दिला.

वाटी ओठांशी गेली, तोच बाई सूप टाकून उठल्या. त्यांनी वाटी काढून घेतली आणि विचारले, "सगुणा, आज भाजी कोणती केलीस गं?"

बाईंचे आता वय झाले, असे भामाला वाटले.

"मी नाही केली, बाई. फोडणीचा वास आला की मळमळतं. चार दिवस झाले, सासूबाईच करतात."

बाईंनी सगळा काढा मोरीत ओतला. सगुणाला आत चटईवर निजवले, तिच्या सासूला बोलावणे धाडले, आणि मग त्या भामापाशी येऊन बसल्या.

"तिसरा महिना सरेपर्यंत आपल्याकडे कोणी उच्चार करत नाही, दृष्ट लागते म्हणून. सरळ विचारलं असतंस, तरी तिने नाहीच म्हटलं असतं. भाजीचं मात्र कोणी खोटं सांगत नाही. हा काढा गर्भाला घातक आहे, हे तुलाही ठाऊक आहे. सताप तुला पुरता कळला, भामा. पण सगुणाला तू बससुद्धा म्हणाली नाहीस."

त्या दिवशी भामाने फांदी मागितली नाही.

पुढे थंडी पडली, तेव्हा सगुणा बाळाला दुपट्यात गुंडाळून लगबगीने आली. बाळाचे नाक चोंदले होते. त्याला पाहताच भामाला इतका आनंद झाला, की डहाळी खुडायला तिचे हात शिवशिवू लागले. तरी तिने आधी पाट पुढे केला.

"बस. आज भाजी कोणती केलीस?"

"आता काय लपवायचं राहिलंय गं?" सगुणा हसत म्हणाली. "शेपूची केली. चुलीशेजारीच पाळणा टांगलाय, झोका देत देत होतं सगळं."

भामाने तिला पाळणा धुरापासून दूर, माजघरात टांगायला सांगितले. डहाळी त्यानंतर दिली.

सगुणाला पोचवून ती वळली, तर बाई विहिरीकडून येत होत्या. त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सतापाची फांदी होती.

भामाच्या माहेरी आता सताप चांगला फोफावला आहे. त्याच्या शेजारी एक पाट कायम मांडलेला असतो.