बगळ्याचा वर धरलेला पाय

फार पूर्वी सात डोंगरांचं एक रान होतं. सीमा राखणं आणि वणवा विझवणं सिंहाकडे, पाणवठा ज्याच्या त्याच्या डोंगराकडे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. प्रत्येक डोंगरावर सिंहाने नेमलेला एक बगळा असे. डोंगराच्या सभेने केलेल्या ठरावावर त्याने चिखलात पाऊल उमटवलं, की ठराव पक्का.

एका उन्हाळ्यात बोडक्या डोंगराची निवडून आलेली प्रमुख साळिंदरबाई सभेत म्हणाली, "आपलं डबकं उथळ. मोठे आधी उतरले की नुसता गाळ उरतो. आधी लहान पितील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बगळ्याने मात्र पाय वर धरला. "बाकी डोंगरांवर मोठेच आधी पितात. तुमचंच काय वेगळं?"

"त्यांची तळी खोल आहेत हो, बगळोबा!"

पाय काही खाली येईना. सशांच्या जिभा कोरड्या पडल्या.

तेवढ्यात वणवा विझवून सिंह धापा टाकत आला.

"महाराज, आधी तुम्ही प्या!" बगळा म्हणाला.

"इथला पाणवठा कुणाकडे?"

"यांच्याकडे," बगळा पुटपुटला.

"मग?" म्हणत सिंह रांगेत शेवटी, भेकराच्या मागे जाऊन उभा राहिला.

बगळ्याने चिखलात पाऊल उमटवलं. त्या दिवशी सिंहालाही नितळ पाणी मिळालं.

बगळा मात्र अजूनही नवा ठराव आला, की आधी एक पाय वर घेतो.